डायसर २२ कसे मोजतो, आणि जेलवर २३ का दिसतात

डायसर हे घडी पडलेल्या आरएनएमधून सुमारे २२ न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीतले एकेक घटक) लांबीचे तुकडे कापणारे विकर, म्हणजे एन्झाइम. त्याच्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे. प्री-लेट-७ए-१ हा आरएनए (लेट-७ए या मायक्रोआरएनएची, म्हणजे जनुकांना आवरणाऱ्या छोट्या आरएनएची पूर्वावस्था) टी७ पॉलिमरेज या साच्यावरून आरएनए बनवणाऱ्या विकराने तयार केला. आरएनएचे बेस चार: ए, यू, जी, सी. टी७ची सुरुवात 'जी'ने व्हावी लागते म्हणून पुढे एक जास्तीचा 'जी' घातला. मग ५' टोकाला (साखळीच्या सुरुवातीला; शेवट म्हणजे ३' टोक) किरणोत्सारी फॉस्फेट लावून तो विकतच्या मानवी डायसरबरोबर ३७ अंशांना तासभर ठेवला. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर २२ न्यूक्लिओटाइडची एकच पट्टी अपेक्षित होती. प्रत्यक्षात २२ आणि २३ अशा दोन पट्ट्या आल्या, पन्नासच्या जरा वर एक फिकी पट्टी आली आणि खाली सगळीकडे धुरकटपणा दिसला. विकर खराब निघाले का? आणि मुळात डायसरला २२ हा आकडा कळतो कसा?

विकर बहुधा ठीक आहे. तपासायला हवीत ती आरएनएची टोके. कापडवाला कापडाची कड गजाच्या टोकाला लावतो, ताणून धरतो आणि गज संपेल तिथे कात्री चालवतो. डायसरचे काम याच रीतीने चालते. कड वेडीवाकडी असली, तर गज अचूक असूनही काप चुकीच्या जागी पडतो. रचना, प्रयोगातल्या चुका आणि रुग्णांमधले दोष हे तिन्ही समजून घ्यायला हेच सूत्र उपयोगी पडते, म्हणून आधी रचना पाहू.

मानवी डायसर १९२२ अमिनो आम्लांचा, सुमारे २१९ किलोडाल्टनचा मोठा रेणू आहे. त्याचे जनुक १४व्या गुणसूत्रावर आहे. केंद्रकात ड्रोशा हे विकर लांब पूर्वसूरी आरएनएमधून सत्तरेक न्यूक्लिओटाइडची केसाच्या पिनेसारखी वळलेली घडी कापून देते. एक्स्पोर्टिन-५ ती पेशीद्रवात आणते आणि तिथे डायसर तिचा वळसा छाटून सुमारे २२ लांबीचा दुपदरी तुकडा मोकळा करतो. पुढे आर्गोनॉट हे प्रथिन त्यातला एक धागा ठेवते, दुसरा टाकते. डायसरचा आकार इंग्रजी 'एल' अक्षरासारखा आहे. वरच्या टोकाला टोके पकडणारा भाग, मधल्या खांबात कापणारी पाती आणि पायथ्याला हेलिकेज (आरएनए उलगडणाऱ्या विकरांच्या जातीचा भाग). घडीचा देठ या खांबाला समांतर बसतो, उघडे टोक वर आणि वळसा खाली हेलिकेजकडे.

पाती दोन आहेत, आरएनेज-३ए आणि आरएनेज-३बी, आणि दोन्ही एकाच साखळीत आहेत. जिवाणूंमधल्या आरएनेज-३मध्ये दोन वेगळे रेणू एकत्र येऊन जोडी जमवतात. डायसरमध्ये एकाच रेणूतले दोन भाग एकमेकांना टेकून ती जोडी करतात. कापण्याचे केंद्र असे एकच आहे आणि त्यात दोन पाती आहेत, हे २००४ साली उत्परिवर्तनांच्या प्रयोगांनी दाखवले. ३ए हे पाते ३' बाजूचा धागा कापते, ३बी हे पाते ५' बाजूचा. ही वाटणी पाठच करून ठेवा, कारण जेल वाचताना आणि रुग्णाचे उत्परिवर्तन समजून घेताना ती सतत लागते. प्रत्येक पात्यात चार आम्लधर्मी अमिनो आम्ले आहेत: ३एमध्ये ग्लुटामेट १३१६, अ‍ॅस्पार्टेट १३२०, अ‍ॅस्पार्टेट १५६१ आणि ग्लुटामेट १५६४, ३बीमध्ये ग्लुटामेट १७०५, अ‍ॅस्पार्टेट १७०९, अ‍ॅस्पार्टेट १८१० आणि ग्लुटामेट १८१३. ही आम्ले मॅग्नेशियमचे आयन धरतात आणि त्या आयनांच्या मदतीने पाण्याचा रेणू फॉस्फेटच्या बंधावर हल्ला करतो. तुटलेल्या जागी एका बाजूला ५' फॉस्फेट राहतो, दुसरीकडे ३' हायड्रॉक्सिल. दोन पाती समोरासमोर नसून तिरकी बसलेली असल्यामुळे ३' टोक दोन न्यूक्लिओटाइड लोंबते राहते.

आता मोजणी. पाझ नावाच्या भागात एक खोबण आहे, तिथे लोंबते ३' टोक बसते. त्या खोबणीपासून पात्यांपर्यंतचे अंतर हाच गज. जिआर्डिया या परजीवीचा डायसर २००६ साली स्फटिकरूपात पाहिला गेला तेव्हा हे अंतर सुमारे ६५ अँगस्ट्रॉम निघाले आणि त्याचे तुकडे २५ लांबीचे का पडतात, याचा उलगडा झाला. मानवी डायसरमध्ये मात्र दुसरी पकडही आहे. पाझला लागून असलेल्या प्लॅटफॉर्म या भागाजवळ आर्जिनिनांनी वेढलेला एक धन भाराचा कप्पा आहे, आणि तो ५' टोकाचा फॉस्फेट धरतो. २०११ साली हे सिद्ध झाले: मानवी डायसर बहुतेक घड्यांमध्ये ५' फॉस्फेटपासून २२ मोजतो. याला दोन अटी आहेत. टोकाला फॉस्फेट हवा, आणि टोकाची पहिली जोडी सैल हवी, म्हणजे ए-यू, जी-यू किंवा न जुळलेली. पहिली जोडी जी-सीसारखी घट्ट असेल, तर ५' टोक सुटून कप्प्यापर्यंत पोहोचत नाही आणि मोजणी ३' टोकाकडून होऊ लागते.

मोजणी फक्त टोकांवरूनच होते असे म्हटले, तर चित्र अपुरे राहील. २०२३ साली लाखो क्रम एकदम तपासून असे दिसले की कापाच्या जागेजवळ जोडीतला जी, त्याला लागून जोडीतला सी किंवा यू आणि मग न जुळलेला सी किंवा ए असा क्रम असला, तर डायसर तिथेच कापायला ओढला जातो. डायसरच्या प्रथिन-साखळीच्या शेवटी असलेला, दुपदरी आरएनए धरणारा भाग हा क्रम ओळखतो. हा संकेत जोरदार असला, तर तो टोकावरच्या मोजणीलाही हलवू शकतो. त्यामुळे देठातला एखादा बेस 'नुसती खूण म्हणून' बदलताना तो कापाच्या जागेजवळ येत नाही ना, हे आधी पाहावे.

पायथ्याचा हेलिकेज भाग मानवी डायसरमध्ये एटीपी (पेशीचे इंधन) जाळून काम करत नाही. मानवी डायसरला कापायला एटीपी लागतच नाही, हे २००२ सालापासून माहीत आहे. माशीच्या डायसर-२चा अनुभव इथे लावू नये. मानवी हेलिकेज मुख्यतः पारख करतो. वळसा असलेली घडी त्याला चालते, लांब सरळ दुपदरी आरएनएला तो अडवतो. हा भाग काढून टाकला, तर लांब दुपदरी आरएनए कापण्याचा वेग कित्येक पट वाढतो, म्हणजे तो एका अर्थी लगाम आहे. टीआरबीपी हे साथीदार प्रथिन याच भागाला चिकटते. २०१८ साली अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने डायसर, टीआरबीपी आणि प्री-लेट-७ एकत्र पाहिले गेले, पण त्यात आरएनए पात्यांपासून दूर होता. प्रत्यक्ष कापण्याच्या स्थितीतले चित्र २०२३ साली सुमारे ३ अँगस्ट्रॉमच्या बारकाव्याने मिळाले. त्यात हेलिकेज जागचा सुटून हलता झालेला दिसतो आणि आरएनए पात्यांवर घट्ट बसलेला.

आता तुमच्या जेलकडे वळू. प्री-लेट-७ए-१ची लांबी ७२ आहे: ५' बाजूला २२चा लेट-७ए, मध्ये २९चा वळसा, ३' बाजूला २१. शेवटचा 'सी' एकटाच लोंबतो. म्हणजे या घडीचे लोंबते टोक नेहमीसारखे दोनचे नसून एकाचेच आहे. पेशीत टीयूटी ही विकरे तिथे एक 'यू' जोडून ते दोनचे करतात आणि मग डायसर ते आनंदाने घेतो. तुमच्या नळीत टीयूटी नाही. त्यावर तुम्ही पुढे एक 'जी' घातला आहे. तो 'जी' नेमका त्या लोंबत्या 'सी'समोर येतो आणि दोघांची घट्ट जोडी जुळते. परिणामी लोंबते टोक नाहीसे झाले, टोक बोथट झाले आणि पहिली जोडी जी-सीची झाली. पाझला धरायला मोकळे काही उरले नाही आणि ५' कप्प्याची अटही मोडली.

मग डायसर काही रेणू ५' टोकाकडून मोजतो: नव्या 'जी'पासून २२, म्हणजे काप मूळ जागेच्या एक घर अलीकडे. बाकीचे ३' बाजूकडून मोजतो: काप मूळ जागीच, पण पुढे 'जी' असल्यामुळे तुकडा २३चा. दोन पट्ट्यांचा हिशेब असा लागतो. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. '२२ बरोबर, २३ चूक' असे इथे म्हणता येत नाही. त्या २२च्या पट्टीतला रेणू पुढे 'जी' चिकटलेला आणि शेवटचा 'यू' गमावलेला आहे. तो खरा लेट-७ए नव्हे, आणि त्याचा लक्ष्य ओळखणारा २ ते ८ हा पट्टाही एक घर सरकलेला आहे.

टी७ची आणखी एक खोड यात भर घालते. साचा संपल्यावर तो अनेकदा एखादा जास्तीचा न्यूक्लिओटाइड शेवटी जोडतो. त्यामुळे नळीतल्या काही रेणूंचे टोक बोथट, काहींचे एकाने लोंबते असा मिश्र माल तयार होतो. शिवाय टी७च्या रेणूंना ५' टोकाला तीन फॉस्फेट असतात. तुम्ही लेबल लावण्यासाठी ते काढलेच असतील, पण लेबल न लावलेला आरएनए वापरणाऱ्यांनी फॉस्फेटेज, मग टी४ पॉलिन्यूक्लिओटाइड कायनेज आणि एटीपी अशा दोन पायऱ्यांनी एकच फॉस्फेट उरेल अशी व्यवस्था करावी.

सरळ उपाय म्हणजे ७२ लांबीचा आरएनए रासायनिक पद्धतीने बनवून घेणे आणि जेलवर शुद्ध करणे. तो महाग पडतो. स्वस्तात करायचे तर टी७च्या साच्यात पुढे हॅमरहेड रायबोझाइम आणि मागे एचडीव्ही रायबोझाइम घाला. दोन्ही स्वतःला कापून घेतात आणि मधला आरएनए हव्या त्या बेसवर सुरू होऊन हव्या त्या बेसवर संपतो. हॅमरहेडनंतर ५' टोकाला हायड्रॉक्सिल राहतो, तो कायनेजने थेट लेबल होतो. एचडीव्हीनंतर मात्र ३' टोकाला चक्री फॉस्फेट राहतो, आणि पाझच्या खोबणीला हायड्रॉक्सिल हवा असतो. म्हणून कायनेजच्याच फॉस्फेटेज गुणाचा उपयोग करून, एटीपी न घालता, सामू ६च्या आसपास तो आधी काढून टाका. ही पायरी गाळली की 'डायसर काम करत नाही' असे वाटू लागते. त्याच साच्यात ३' टोकाला एक 'यू' वाढवून ७३ लांबीचा, दोनचे लोंबते टोक असलेला रेणूही करून घ्या. तुलनेला त्याच्याइतके चांगले काही नाही.

किरणोत्सर्ग टाळायचा म्हणून ५' टोकाला चमकता रंग लावण्याचा मोह होतो. तो ५' कप्पा बंद करतो. ३' टोकाला लावला, तर पाझ बंद होतो. रंगच हवा असेल, तर आरएनए बिनरंगाचा ठेवून जेल नंतर सायबर गोल्डने रंगवा. मग २१, २२ आणि वळशाचा २९ असे तिन्ही तुकडे दिसतील, हे लक्षात ठेवून वाचा.

घडी नीट पडणे हा पुढचा टप्पा. आरएनए १ मायक्रोमोलरपेक्षा कमी तीव्रतेत, मॅग्नेशियम नसलेल्या १० मिलिमोलर ट्रिस आणि ५० मिलिमोलर मीठ अशा द्रावणात ९५ अंशांना २ मिनिटे तापवा आणि लगेच बर्फात ठेवा. मॅग्नेशियम गार झाल्यावर घाला. ते असताना उकळले, तर आरएनए आपोआप तुटतो. जास्त तीव्रतेत हळूहळू थंड केले, तर दोन रेणू एकमेकांना चिकटून लांब दुपदरी जोडी बनते. डायसर तीही कापतो, पण हळू आणि दोन्ही टोकांकडून, आणि मग आकडे समजेनासे होतात. १० टक्क्यांच्या साध्या, युरिया नसलेल्या जेलवर एकच पट्टी येते की नाही, हे पाहून मगच पुढे जा.

अभिक्रिया १० मायक्रोलिटरची पुरते: २० मिलिमोलर ट्रिस सामू ७.५, ५० मिलिमोलर मीठ, ३ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १ मिलिमोलर डीटीटी, थोडे बीएसए, लेबल लावलेला आरएनए १ ते २ नॅनोमोलर आणि डायसर ३० नॅनोमोलरच्या आसपास. विकर मुद्दाम जास्त ठेवायचे. डायसर कापलेला तुकडा पटकन सोडत नाही, त्यामुळे विकर कमी असेल, तर मोजला जाणारा वेग कापण्याचा नसून सुटण्याचा असतो. विकर ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येते. ते एकूण घनफळाच्या दहाव्या भागाहून जास्त जाऊ देऊ नका. मीठही जपून: १०० मिलिमोलरच्या वर गेले की पकड सैल होत जाते, आणि डायसरच्या साठवणीच्या द्रावणातूनही मीठ येते, तेही हिशेबात धरा. सर्वांत मोठी सुधारणा वेळेत करा. तासाभराचा एकच नमुना काही सांगत नाही. ०, १, २, ५, १०, ३० आणि ६० मिनिटांचे नमुने काढा आणि प्रत्येकात तेवढेच ९५ टक्के फॉर्मामाइड व २० मिलिमोलर ईडीटीए (मॅग्नेशियम बांधून ठेवणारे रसायन) घालून थांबवा.

जेल १५ टक्के, ७ मोलर युरियाचे, चालताना हाताला चांगले गरम लागेल असे. देठ घट्ट असतो. जेल गार चालले, तर न उलगडलेले रेणू भलत्याच जागी दिसतात. आकाराची शिडी म्हणून बहुतेक जण सोडियम कार्बोनेटमध्ये उकळून तोडलेला तोच आरएनए चालवतात. त्या तुकड्यांच्या ३' टोकाला फॉस्फेट राहतो, डायसरच्या तुकड्यांना तो नसतो. एक जास्तीचा ऋण भार असल्यामुळे शिडीचे तुकडे थोडे पुढे पळतात आणि तुमचा २२चा तुकडा शिडीच्या २२ आणि २३च्या मध्ये कुठेतरी बसलेला दिसतो. वीसेक लांबीच्या तुकड्यांत हा फरक डोळ्यांना फसवतो. म्हणून शेजारच्या रांगेत ५' फॉस्फेट आणि ३' हायड्रॉक्सिल असलेला, बनवून घेतलेला २२चा लेट-७ए चालवाच. तो नसताना '२२ की २३' यावर मत देऊ नये.

पन्नासच्या वरची फिकी पट्टी. ५' लेबल असताना फक्त ३' धागा कापला गेला आणि ५' धागा राहिला, तर २२ अधिक २९ म्हणजे ५१चा तुकडा दिसतो; तुमच्या रेणूत 'जी'मुळे ५२. म्हणजे ३एने काम केले, ३बीने अजून केलेले नाही. वेळेप्रमाणे ही पट्टी आधी वाढून मग घटत असेल, तर तो वाटेतला टप्पा आहे, काळजी नको. शेवटपर्यंत तशीच राहत असेल, तर टोक नीट न बसल्यामुळे काही रेणू अर्धवट कापून सुटत आहेत. उलट बाजूची चूक ५' लेबलने दिसतच नाही: ३ए बंद पडले, तरी २२ची पट्टी व्यवस्थित येते आणि सगळे आलबेल वाटते. दोन्ही पाती तपासायची असतील, तर ३' लेबलही करावे लागते किंवा जेलवरच्या सगळ्या तुकड्यांना रंग द्यावा लागतो.

खालचा धुरकटपणा डायसरचा नाही. तो हातातून, टिपमधून किंवा बफरमधून आलेल्या, आरएनए तोडणाऱ्या आरएनेज-ए जातीच्या विकरांचा असतो. ओळख सोपी आहे. एका नळीत २० मिलिमोलर ईडीटीए घाला. डायसर मॅग्नेशियमशिवाय थांबतो, आरएनेज-ए थांबत नाही. दुसऱ्या नळीत डायसर न घालता बाकी सगळे ठेवा. धुरकटपणा ईडीटीएनंतरही राहिला, तर दोष डायसरच्या कापण्यात नाही. आणि विकर नसलेल्या नळीत तो नाहीसा झाला, तर घाण विकराच्या बाटलीतूनच येते आहे. प्रथिनरूप आरएनेज रोधक १ युनिट प्रति मायक्रोलिटर घालायला हरकत नाही. तो आरएनेज-एच्या कुळाला बांधतो, डायसरला नाही. मात्र त्याला टिकायला ताजे डीटीटी लागते. जुन्या डीटीटीने रोधकच निकामी होतो. ट्रिसच्या द्रावणात डीईपीसी (आरएनेज निकामी करणारे रसायन) घालू नये, ते ट्रिसशीच अभिक्रिया करते. डीईपीसी केलेल्या पाण्यात ट्रिस विरघळवावे. सर्वांत खात्रीचा आधार म्हणजे १३२० आणि १७०९ या दोन्ही जागी अ‍ॅलानिन घातलेला, म्हणजे दोन्ही पाती बंद असलेला डायसर त्याच रीतीने शुद्ध करून वापरणे. त्याने जे काही कापले गेले, ते सगळे भेसळीचे.

पात्यांची ही वाटणी रुग्णांमध्येही जशीच्या तशी दिसते. २००९ साली फुप्फुस-फुप्फुसावरणाचा ब्लास्टोमा या लहान मुलांच्या दुर्मीळ कर्करोगाच्या कुटुंबांमध्ये डायसरच्या जनुकातले दोष सापडले. नंतर अंडाशयातल्या सर्टोली-लायडिग पेशींच्या गाठी, मूत्रपिंडातल्या गाठी आणि थायरॉइडच्या गाठीही त्याच लक्षणसमूहात आल्या. त्यात एक प्रत जन्मतः निकामी असते आणि गाठीत दुसऱ्या प्रतीवर नेमक्या ३बी पात्यातल्या जागांवर घाव पडतो: १७०५, १७०९, १८०९, १८१०, १८१३. दुसरी प्रत पूर्ण बंद पडत नाही. ती ३' धागा कापते आणि ५' धागा कापत नाही, त्यामुळे ५' बाजूचे मायक्रोआरएनए घटतात आणि ३' बाजूचे टिकतात. लेट-७ कुटुंब ५' बाजूला असल्यामुळे गाठीत तेच जाते. १३४४व्या जागी सेरीनऐवजी ल्युसिन आले, तर जागा ३ए पात्यात असूनही परिणाम ३बी मोडल्यासारखाच दिसतो, कारण घडी झाल्यावर ती जागा ३बीच्या सक्रिय केंद्राला लागून येते.

म्हणून असे एखादे उत्परिवर्तन तपासताना नुसत्या 'एकूण लेट-७'च्या मोजणीवर थांबू नका. एकाच घडीतून निघणाऱ्या ५' आणि ३' तुकड्यांचे गुणोत्तर काढा, तेही अनेक घड्यांसाठी, आणि त्याच नमुन्यातल्या मूळ डायसरशी ताडून. नळीतल्या तपासणीसाठी तोच ७३ लांबीचा, दोनचे लोंबते टोक असलेला प्री-लेट-७ए-१ घ्या, एकदा ५' लेबलने आणि एकदा ३' लेबलने. ३बी बिघडलेले असेल, तर ५' लेबलला २२ ऐवजी ५१ दिसेल आणि ३' लेबलला २२चा नेहमीचा तुकडा जागेवर असेल.